गोणपाटावरचे करार

उल्हासनगरच्या कॅम्पात परराष्ट्र खातं कळणारा एकच माणूस होता, आणि तो पापड विकायचा. मला तेव्हा सरकारच्या कागदांचाच राग. कॅम्पातल्या नळाला पाणी नाही आणि हे जगभर मैत्रीच्या सह्या करत हिंडतात, असं पत्रक छापून मी अंबरनाथहून थेट त्या पापडवाल्याकडे, साईंकडे गेलो.

साईं शिकारपूरला इतिहास शिकवायचे. फाळणीत इथल्या लष्करी बराकीत येऊन पडले. शेजारच्या बिऱ्हाडाच्या आणि त्यांच्यामध्ये भिंत म्हणून गोणपाट टांगलेलं. वर्तमानपत्रात आपल्या सरकारचा कुठला करार आला, की साईं ती बातमी कापून दाभणाने गोणपाटावर शिवायचे. मैत्रीला पिवळा दोरा, व्यापाराला निळा, पाकिस्तानशी काहीही ठरलं तरी लाल. एकदा दाभण पलीकडच्या बाईंच्या पाठीत गेलं. साईंनी सीमातंटा ऐकावा तसं ऐकून घेतलं आणि तोड काढली: दर दिवाळीला एक पापडाचा पुडा. तसं लिहून तोही कागद निळ्या दोऱ्याने लागला.

माझं पत्रक वाचून ते म्हणाले, “मैत्रीचा कागद एकदाच होतो, पुट.” पुट म्हणजे बेटा. “व्यापाराचा मुदत संपली की फिरून करावा लागतो. फिरून झाला का, ते बघ. सरकारचं मन तिथं कळतं.”

आजूबाजूला गोणपाटं जाऊन विटा आल्या. साईंची बायको, आमच्या भाभी, रोज भिंत मागायच्या. साईं लाल दोरे दाखवायचे. वरच्या, म्हणजे जुन्या कागदांत पाकिस्तानात राहिलेली घरं अजून निर्वासितांचीच होती, त्यांच्या भाड्याचं काय, परतणाऱ्यांचं काय, असली कलमं होती. परतच जायचं, तर भिंत कशाला?

एका सकाळी गेलो तर हातात नवं कात्रण. फाळणीत बँकांच्या लॉकरमध्ये मागे राहिलेला ऐवज ज्याचा त्याला सीमेपलीकडे पोचवायचं ठरलं होतं. चांगलंच झालं की, भाभी म्हणाल्या. साईंनी लाल दोऱ्यांवरून वरून खाली बोट फिरवलं. घरं, मग सामान, मग लॉकर.

“माणसाला परत बोलवायचं असेल, तर त्याचं सामान कोण पाठवतं?”

मी भडकलो. मोर्चा काढू या म्हटलं.

“काढ. आधी विटा उतरवायला चल.”

भिंत झाली. दाभण तिच्यात शिरेना. कात्रणं साईंच्या खिशात राहू लागली. पलीकडच्या बाईंचा कागद मात्र त्यांनी खिळा ठोकून लावला. तो दर दिवाळीला फिरून होत होता.