ब्रूनो आणि न उठलेली मेंढरं

अंगात येणं, करणी, लिंबू-मिरची... या सगळ्याविरुद्ध मी कॉलेजपासून पत्रकं वाटत आलेय. आता प्राण्यांच्या छळाविरुद्ध वाटते. चमत्कारांच्या या सदरातले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसलेय. आज माझाच लिहितेय, आणि थोडी चिडूनच.

ब्रूनो हा सांगलीच्या विश्रामबागमधला चार वर्षांचा रॉटवायलर. पन्नास किलोंचं जनावर, आणि मालकानं दिवसभर गच्चीवर दोन हात लांबीच्या साखळीला बांधलेलं! राखणीसाठी आणायचा, फिरवायचा नाही, माणसं दाखवायची नाहीत, आणि मीटर रीडिंगवाल्याला चावला की कुत्रा वाईट. मालक म्हणाले, "शनिवारी इंजेक्शन देऊन संपवतोय. एवढा पुळका असेल तर न्या."

नेला. सातारा जिल्ह्यात मेढ्याजवळ शेती असलेला एक मित्र कसाबसा तयार झाला होता. त्याची अट एकच — जनावरांच्या अंगावर गेला तर परत. परत म्हणजे इंजेक्शनच.

कराडच्या अलीकडे, दुपारी एकच्या सुमारास, ब्रूनोला पाणी पाजायला गाडी थांबवली. शेजारच्या ऊस तुटलेल्या रानात आटपाडीकडचा मेंढरांचा कळप उतरला होता, खतासाठी शेतकरी बसवून घेतात तसा. उन्हाची मेंढरं बसलेली. मेंढपाळ सिदूमामा आणि त्यांची बायको बायजाक्का. त्यांचा राखणीचा कुत्रा महिन्यापूर्वी बिबट्यानं नेला होता.

"आवं ताई, ह्यो कुत्रा हाय का रेडा?" मामा हसले. "लांबच धरा. आमची कुत्री पिल्लू असल्यापास्नं कोकरांत निजत्यात, तवा राखत्यात. मोठ्या परक्या कुत्र्याला मेंढरू म्हंजी मटणच."

खरंय ते. मीही लोकांना हेच सांगते. आणि चूक मीच केली. गळ्याला काचू नये म्हणून छातीभोवती बांधायचा हार्नेस घातला होता. 'पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत', आमच्याच पत्रकातलं वाक्य. माझी चार जात होती. ब्रूनो मागे सरकला, मान खाली घातली, आणि रिकामा हार्नेस माझ्या हातात राहिला.

तो सरळ कळपात घुसला. मामा काठी घेऊन धावले. मी ओरडतेय, "ब्रूनो, थांब!" — मेलाच हा आता, एवढंच डोक्यात.

मधोमध एक मेंढी व्यायला टेकली होती. ब्रूनो तिच्यापाशी थांबला, वळला, आणि तिच्याकडे पाठ, तोंड बाहेर, असा बसला.

कुत्र्याचं मी समजावून सांगेन. ही जात मुळात गुरं हाकायची, रक्तात असेल काही... पण मेंढरांचं? परका कुत्रा दिसला की मेंढरं दोन शेतं ओलांडून पळतात. इथं ऐंशी-नव्वदांतलं एकही उठलं नाही. रवंथही थांबलं नाही. तो आत जाताना ती बसल्या जागी अंग चोरून वाट देत होती! मामांची काठी वर तशीच. ओलं कोकरू बाहेर आलं, लटपटत उभं राहिलं आणि त्या काळ्या धुडालाच टेकलं. मेंढीनं ते तिथंच चाटलं.

बायजाक्कांनी पायातल्या वहाणा काढल्या.

"देवाबिवाचं काही बोलू नका हं," मी म्हणाले.

"कोन बोलतंय? तुमीच रडायलाय न्हवं!"

मामांनी काठी खाली टेकली. "मेंढरांनी घेतला त्येला. आता न्हेऊ नगा."

मी लगेच हो म्हटलं नाही. त्याला तिथं ठेवला आणि आठवडाभर रोज सांगलीहून जाऊन पाहिलं. साखळीला बांधायचा नाही, हे वदवून घ्यायला गेले तर मामांनी मलाच झापलं, "आवं, बांधल्याला राखंल कसा?"

नंतर पशुवैद्यांना विचारलं, जाणत्या मेंढपाळांना विचारलं. कुत्र्याबद्दल सगळे भरभरून बोलतात. मेंढरांचं विचारलं की पुन्हा कुत्र्यावरच येतात.

ब्रूनोला मी वाचवलं असं लोक म्हणतात. साफ खोटं. त्या दुपारी मेंढरं उठून पळाली असती तर तो मागे लागला असता आणि आज नसता. ती का उठली नाहीत, मला माहीत नाही.