दर अमावास्येचा खिळा

प्रयोगशाळेत रेझिनचा उग्र वास आला, की नांदेडच्या घाटावरची वडिलांची जुनी फायबरची बोट आठवते. तिच्यावरच आमचे घर चालत असे. शिकत असताना एका सुट्टीत, इंजिन जिच्यावर बसवले होते ती फायबरने मढवलेली मागची लाकडी फळी मी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिली. आवाज बद्द आला. इंजिनाला दृष्ट लागू नये म्हणून वडील तिथे दर अमावास्येला नवा खिळा ठोकून लिंबू-मिरची टांगत. त्या छिद्रांतून पाणी मुरून आतले लाकूड कुजले होते. "बाबा, कुजलेलं कापून काढून आतलं वाळवावं लागेल." "रंग मारला की झालं. तू लई शिकून राहिली!" रंगवलेली बोट पाण्यात उतरली आणि इंजिन फळीसकट तुटून गोदावरीत गेले. "पोरीनं ठोकून ठोकून मोडली," असे वडील घाटभर सांगत राहिले. दोष शोधणे हाच आज माझा व्यवसाय आहे; घरी मात्र ती बोट अजूनही मीच मोडलेली आहे.