पाटलांच्या घरचं पाणी

हे निवडणुकीला उभे राहिले तेव्हा मी नाचायचीच काय ती बाकी होते. आमचे हे डॉक्टर खरे, पण दवाखान्यापेक्षा प्रयोगशाळेत रमणारे, आणि तिथेही सदानकदा नारूच्या मागे. नारू म्हणजे पायातून बाहेर पडणारा हातभर लांबीचा जंत. लोक पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरत, दुखऱ्या पायातून त्याची पिल्लं पाण्यात जात आणि तेच पाणी सगळं गाव पीत असे. निबंध लिहून पायऱ्या बुजत नाहीत हे एकदाचं ह्यांच्या डोक्यात शिरलं आणि ह्यांनी लोकल बोर्डाचा अर्ज भरला. पायऱ्या बुजवून वर रहाट बसवायचे, एवढं एकच आश्वासन. मलाही अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं.

मिरजगावच्या अलीकडच्या एका गावी आम्ही प्रचाराला नगरहून सर्व्हिस मोटारीने गेलो. सूक्ष्मदर्शकाची पेटी माझ्या मांडीवर. पाटलांनी ओसरीवर घोंगडं अंथरलं, तांब्याभर पाणी पुढे केलं. ह्यांनी खिशातून रुमाल काढला, दुहेरी केला आणि सगळ्या गावासमोर ते पाणी गाळून प्यायले!

"आमच्या हातचं पानी बामनाला चालंना व्हय?" पाटलांचा आवाज चढला.

"अहो, तसं नाही, पाण्यात अतिसूक्ष्म—" ह्यांनी व्याख्यान सुरू केलं. माझं डोकंच फिरलं. माणूस दुखावलाय आणि हे त्याला शास्त्र शिकवतायत! मी उठले ती तडक आत गेले.

पाटलीणबाई चुलीपुढे एक पाय लांब करून भाकऱ्या थापत होत्या. पायातला नारू काडीला गुंडाळून फडक्याने बांधलेला. "पाटलीणबाई, भूक लागलीय," म्हणत मी पाट ओढला आणि त्यांच्याच ताटात जेवले. सासूबाईंना कळलं असतं तर घरात घेतलं नसतं मला. पिठलं मात्र फार झकास होतं.

मग चुलीशेजारच्या रांजणातल्या त्याच पाण्याचा थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाटलीणबाई एक डोळा मिटून वाकल्या आणि ओरडल्या, "आगं बया, ह्ये तर नाचतंय की! आन ह्ये आमी पितो?" बघता बघता आळीतल्या बायकांची झुंबड उडाली. मी इतकी खूश, की गाव जिंकलंच असं धरून चालले.

पण बाहेर कुणीतरी विचारलं, गाळून प्यालं तर यंदा नारू थांबेल का? दुसरा कुणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. आमचे हे म्हणाले, "यंदाचे नारू पोटात गेलेलेच आहेत, ते निघणारच. गुण येईल पुढच्या वर्षी."

निवडणुकीत हे पडले. त्या गावात तर आमच्या नावाची पिवळी मतपेटी जवळजवळ रिकामीच निघाली. पुढे कितीतरी दिवस हे सूक्ष्मदर्शकाची पेटीही उघडत नसत. मला ते बघवत नसे.

पुढचा उन्हाळा सरता सरता पाटील आणि पाटलीणबाई बाजाराला म्हणून नगरला आले, ते आमच्या दारात उभे. मी दोघांना पाण्याचे तांबे आणि भांडी दिली. पाटलीणबाईंनी पदर दुहेरी केला, भांड्यावर धरला आणि आमच्या नळाचं पाणी गाळून प्यायल्या.

पाटील ओशाळले. "आगं, लोकाच्या घरी आसं करत्यात व्हय?"

"करत्यात. औंदा आपल्या घरात कुनाचा पाय बांदलाय, सांगा बरं?"

हे खुर्चीतून ताडकन उठले. पाटलांनी आपला तांब्या बायकोपुढे धरला.

"माजंबी गाळ," ते म्हणाले. "आन डाक्टर, पायऱ्या बुजवायला दगूड आमी देतो. रहाटाचं तुमी बगा."