राबात भाजलेला बैल

आमच्या डॉक्युमेंटरीत डायरेक्टर होता, कॅमेरामन होता, एडिटरपण होता. तिन्ही एकच माणूस, माझा शाळेतला दोस्त, राहणार आसनगाव. मी साऊंड. म्हणजे बांबूला माइक बांधून उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. दुसरं काम मला जड गेलं. लहानपणापासून कुणाचाही आवाज ऐकला की माझ्या गळ्यात येऊन बसतो. मुरबाडच्या एसटीतला कंडक्टर, शाळेतले हेडमास्तर, शेजारची म्हैस. म्हशीचा सगळ्यात बरा जमतो.

फिल्म होती धसईच्या पुढे राहणाऱ्या एका काकांवर. शेती भाताची. मूर्तिकाम कुणाकडे शिकले नाय, आणि कापणी झालेल्या शेतात घराच्या वळचणीएवढा उंच मातीचा बैल उभा केला. आतून पोकळ, मातीत भाताचा तूस मळलेला. एवढ्या बैलाला भट्टी कुठून आणणार? काका म्हणाले, "भट्टी कशाला? राब करू."

राब आमच्याकडे घरोघरी. उन्हाळ्यात, ज्या तुकड्यात भाताचं रोप करायचं, तिथे शेण, टहाळ, पाला पसरायचा, वर मातीचा थर द्यायचा आणि पेटवायचं. जाळ उठत नाय, आतल्या आत धुमसतं. काकांनी हेच सगळं बैलाभोवती रचलं, पार शिंगं झाकेपर्यंत. मागच्या उन्हाळ्यातपण एक बैल असाच भाजायला घेतलेला. एका बाजूची माती घसरली, वारा शिरला, भडका उडाला आणि बैल फुटला. त्याचे तुकडे काकूने मिरचीच्या वाफ्याला कडेनं लावलेत. हापण फुटला तर तिसरा करायचा नाय, असं काकांनी आमाला सांगून ठेवलं होतं.

सकाळी पेटवला. दुपार झाली तरी नुसता धूर. डायरेक्टर कॅमेऱ्यातून बघून तोंड वाकडं करायला लागला. त्याच्या घरात कुणी शेती केली नाय, वडील रेल्वेत.

"काका, जाळ कधी दिसेल?"

"जाळ नाय दिसत."

"मग लोक बघणार काय?"

"धूर बघतील की."

"एका बाजूची माती जराशी काढली तर? शॉटपुरती."

मला वाटलं काका हाकलतील त्याला. पण ते दारात आलेल्या माणसाला नाय म्हणत नसत. त्याने सांगितलं म्हणून सकाळपासून दोनदा शर्टपण बदललेला. फावडं घेऊन उठले. चेहरा उतरला होता, पण उठले.

मी म्हटलं, "अरे, फुटेल ना तो."

डायरेक्टर म्हणाला, "तू तुझा माइक बघ."

काकू तेव्हा घरात भाकऱ्या थापत होती. मी बांबूसकट धुराच्या पलीकडे गेलो आणि काकूच्या आवाजात ओरडलो, "अवो, त्या मातीला हात तर लावून बघा. मागचे तुकडे कुणी उचलले? मीच ना?"

काका जागेवर थांबले. फावडं खाली ठेवलं आणि एकदम मोकळ्या आवाजात डायरेक्टरला म्हणाले, "घरातून नाय म्हणतात रे. माझं कुठं काय चालतंय."

डायरेक्टर मला खाऊ की गिळू बघत होता. त्याला माझे सगळे आवाज माहीत. पण काकांसमोर बोलणार काय? परत कॅमेऱ्यामागे गेला.

तेवढ्यात काकू पिठाच्या हातांनी दारात आली. "कोण ओरडलं रे आता?"

"तूच ना," काका म्हणाले.

काकूने फावड्याकडे बघितलं, डायरेक्टरकडे बघितलं, मग धुरातून बाहेर येणाऱ्या माझ्याकडे.

"हां, मीच," ती म्हणाली. "आणि परत ओरडायला लावू नका."

राब पार निवल्यावर आमी माती काढली. बैल लाल, अख्खा. फक्त एका कानाला चीर. काका चिरीवरून बराच वेळ बोट फिरवत राहिले. "कान हाय, चालंल," एवढंच बोलले आणि पाठीवरची राख झाडायला लागले.

फिल्ममध्ये धूरच धूर आहे. बैल बघायला अजून लोक येतात आणि काकू प्रत्येकाला सांगते, मी ओरडले म्हणून हा राहिला. एकदा न राहवून मी बोललो, "काकू, आवाज माझा होता गो."

"आवाज असंल तुझा," काकू म्हणाली. "बोलणं माझंच होतं."