हातोडीच्या आधी

कळंबोलीला अपघाताच्या गाड्या ठोकून सरळ करणारा एक डेंटिंगवाला आहे. विमा कंपनीसाठी गाड्या तपासायला मी महिन्यातून चार-पाचदा त्याच्याकडे जातो. नाव कधी विचारलं नाही. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात. गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रूस, तोही ग्रीसने काळाच झालेला.

ज्या गाडीत किंवा गाडीखाली माणूस गेला असेल, तिला तो लगेच हातोडी लावत नाही. मालकाला मेलेल्याचं नाव विचारतो, ड्रायव्हरच्या सीटवर बसून दार ओढून घेतो आणि त्या नावाने प्रार्थना करतो. बाहेरून नुसते ओठ हलताना दिसतात. मध्येच थांबून बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघत तो मान हलवतो, कोणी काही सांगत असल्यासारखी.

एकदा मी चिडून म्हणालो, "एवढी लेकरं मरतात रस्त्यावर. तुमचा देव काय बघत बसतो?"

"मना पन नाय कळत, साहेब. पन त्याला सोडून इचारू कोणाला?"

गेल्या महिन्यात मी माझीच गाडी त्याच्याकडे नेली. "खांबाला लागली," म्हणालो. त्याने बॉनेटच्या पोच्यावरून सावकाश हात फिरवला, आत जाऊन बसला आणि दार ओढून घेतलं. मग काच खाली करून हळूच विचारलं, "नाव काय त्याचं?"

मी हसायचा प्रयत्न केला. तो वाट बघत राहिला.

नाव मला माहीत नव्हतं. मी थांबलोच नव्हतो.