पावणेसातचा ग्लास

थोरलीच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण तिच्या आयुष्याचे दोन तुकडे पडले ते लग्नाने नव्हे, सासऱ्यांच्या गिळण्याने. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी सासरे दात घासता घासता पक्षाघाताने खाली कोसळले. हळूहळू हात हलायला लागला, अडखळत का होईना, बोलणं आलं. गिळणं मात्र पूर्वीसारखं झालं नाही. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी थोरलीला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "पाण्यासारखं पातळ दिलंत तर ठसका लागेल. गुठळी राहिली तर अडकेल. मधासारखं दाट हवं. आणि रोज तसंच."

रोज तसंच. एवढे दोन शब्द घेऊन थोरली घरी आली, ती त्यानंतर फारशी बाहेर पडलीच नाही.

सव्वासहाला ती ओट्यापाशी उभी राही. दीड पिकलं केळं, साल काढलेल्या पेअरच्या सहा फोडी, गरम पाण्यात भिजवून सालं ओढून काढलेले दोन खजूर, तीन चमचे दही आणि आदल्या संध्याकाळी भिजत घातलेले ओट्स. सगळं भांड्यात घालायचं, झाकण घट्ट बसवायचं, बटण दाबून धरायचं आणि डोळे मिटायचे. थोरली श्रद्धाळू. आईने शिकवलेली चार ओळींची प्रार्थना ती त्या घरघरीत पुटपुटे. हात दिलेस, काम दे. काम दिलंस, धीर दे, अशी तिची सुरुवात. तीन वेळा म्हणून झाली की मिक्सर बंद. मग चमचा बुडवून उलटा धरायचा. थेंब पडू की नको करत लोंबकळला, म्हणजे जमलं.

सासरे घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची वेळ दुरुस्त केलेली. पावणेसात म्हणजे पावणेसात. सहा सेहेचाळीसला खाटेवरून चमचा भिंतीवर वाजे.

आल्यागेल्याने म्हणायचं, "तुझ्या हाताला गुण आहे हो!" आणि प्रत्येक कौतुकाबरोबर थोरलीला वाटायचं, दारावर आणखी एक खिळा ठोकला. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, त्या भिंतीवर एक गंजका पाइप. त्या पाइपाचा प्रत्येक सांधा तिला पाठ झाला होता. तिचं जग म्हणजे फळवाला, औषधवाला आणि मधला जिना. आई गेली तेव्हासुद्धा ती पावणेसातचा ग्लास पाजून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पावणेसातच्या आत परतली. रडायचं राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या कुणी केलं नव्हतं असं नाही. गेल्या वर्षी थोरली तापाने फणफणली, तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे राहणारी नणंद धावत आली. बिचारीने मनापासून केलं, पण खजुराची साल राहिली. सासरे निळे पडले. पाठीवर थापा मारून मारून शेवटी घशातलं बाहेर आलं. तेव्हापासून नणंद हात जोडते, "वहिनी, मला फासावर चढवा, पण तो ग्लास करायला लावू नका."

अशात एका सोमवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. घरात सगळे तिला चिमणी म्हणत. पुढच्या सोमवारी तिचं पोटाचं ऑपरेशन होतं. नवरा जहाजावर, मुलं लहान.

"ताई, तू येणार नाहीस हे माहितीये मला," चिमणी म्हणाली. "विचारलं नाही असं नको व्हायला, म्हणून विचारते."

चिमणी भांडली असती तर बरं झालं असतं. तिने गृहीतच धरलं होतं. थोरलीची नजर खिडकीबाहेरच्या गंजक्या पाइपावर गेली. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "येते मी. रविवारी निघते. आठ दिवस राहते."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला. पाणीखात्यात मीटर वाचायचं काम त्याचं. आकड्यांवर भारी विश्वास. "एवढंच ना? लिहून दे. मी काय कुकुलं बाळ आहे?"

तिने लिहून दिलं. किती वेळ फिरवायचं याचा मात्र आकडा तिच्याकडे नव्हता. मग मंगळवारी सकाळी ती प्रार्थना म्हणत मिक्सर चालवत असताना त्याने मोबाइलवर वेळ मोजली. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत चाळीस सेकंद. बुधवारी त्याने स्वतः चाळीस सेकंद बटण दाबून धरलं. भांडं उघडलं तर वर बोटभर फेस. तिने चमचा उलटा धरला, धार लागली.

"चाळीस म्हणजे चाळीसच धरलं मी," तो म्हणाला. "एक इकडे नाही, एक तिकडे नाही."

"मग हे पाणी कसं झालं?"

"केळ्यांना विचार."

गुरुवारी त्याने पंचवीस सेकंदच फिरवलं. दाट झालं, पण पेअरचे तुकडे तसेच. दोन्ही दिवशी ते भांडं बाजूला ठेवून थोरलीला घाईघाईने दुसरं करावं लागलं. गुरुवारी नवऱ्याने हात धुतले आणि टॉवेल शोधत हळूच म्हणाला, "हे बघ, चूक झाली तर बाबा आहेत ते. मीटर नाही."

ते खरंच होतं. खरं होतं म्हणूनच थोरलीला वाटलं, दारावर आणखी एक खिळा बसला. तिने देवाला मनात विचारलं, धीर मागितला तो देतोस, पण जरा जागा मागितली तर? आणि चिमणीला नाही म्हणून कळवायला फोन उचलला.

तेवढ्यात भिंतीवर चमचा वाजला.

सासरे उशीला टेकून बसले होते. "सूनबाई," ते एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मिक्सर बिघडलाय? काल एकसारखं घर्रर्र. आज अर्ध्यातच गप्प. आणि दोन्ही दिवशी दोन-दोनदा."

मग तिने सांगितलं. चिमणीचं ऑपरेशन, रविवारची बस, पातळ झालेलं, तुकडे राहिलेले, सगळं.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्हाला काळजी नको म्हणून."

"काळजी! पडून पडून दुसरं काय करतो मी?" ते चिडले. मग दम घेऊन म्हणाले, "तू श्वास घेतेस तेव्हा बोट उचलतेस."

"कुठलं बोट?"

"बटणावरचं. एकदा म्हणून झाली की थांबतेस. श्वास घेतेस. तेवढ्यात मिक्सर गप्प. मग पुन्हा. दोनदा थांबतो, तिसऱ्यांदा बंद. सलग फिरवलं की फेस होणारच. घड्याळाची टिकटिक ऐकून दोष सांगायचो मी. हे तर मिक्सर आहे."

थोरलीने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. सहा वर्षं तो तिला न सांगता उचलला जात होता.

"तुम्हाला प्रार्थना ऐकू येते?"

"भिंत आहे का कागद ही? पाठ झालीये मला. तुझ्याबरोबर म्हणतो." त्यांनी चमचा खाली ठेवला. "माझ्या दाराची कडी काही निघायची नाही, सूनबाई. तुझी निघते का बघू. बोलव तुझ्या नवऱ्याला."

शुक्रवारी सकाळी तालीम झाली. सासरे खाटेवर, मुलगा ओट्यापाशी, मधलं दार सताड उघडं. सासऱ्यांनी प्रार्थना म्हणायची. ते बोलतील तोवर बटण दाबायचं, थांबतील तेव्हा सोडायचं. सासऱ्यांचा दम तो केवढा! दर ओळीला थांबायचे.

"बाबा, दाबू का सोडू?"

"मी बोलतोय का?"

"आत्ता बोललात की!"

"ही प्रार्थना नव्हती, गाढवा!"

थोरली दाराच्या चौकटीत उभी राहून हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भांडं उघडलं. चमचा उलटा धरला. थेंब लोंबकळला. सासऱ्यांनी हनुवटी खाली घेऊन एकेक चमचा गिळला. ठसका नाही. शनिवारीही नाही. शनिवारी नणंद मुद्दाम बघायला आली आणि म्हणाली, "आता आठ दिवस मी या घराकडे फिरकत नाही. माझी नजर लागेल."

रविवारी थोरली सव्वासहाला ओट्यापाशी गेली नाही. बॅग घेऊन बाहेरच्या दाराशी थांबली. हात कुठे ठेवावेत कळेना. आतून सासऱ्यांचा जड आवाज आला, त्यामागून घरघर, मग शांतता, पुन्हा आवाज. तिचे ओठ हलत होते. मिक्सर थांबला. चमच्याचा किणकिणाट झाला. ती ठसक्याची वाट बघत राहिली. एक चमचा. दोन. पाच.

"सूनबाई," आतून ओलसर आवाज आला, "तिथेच उभी आहेस ना? बस चुकेल."

ती निघाली. जिना उतरली. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, रस्ते मागे पडू लागले, सहा वर्षांत न पाहिलेली दुकानं, नवीन पूल, मैदान. मोकळं वाटायला हवं होतं. ती मोकळं वाटण्याची वाट बघत बसली. मांडीवरच्या बॅगेच्या कडीवर तिचा अंगठा दाबला जाई, उचलला जाई.

फ्रिजवर ती आठ दिवसांची यादी चिकटवून आली होती. कुठल्या दिवशी कुठली केळी, पेअर कधी आणायचे, खजूर कधी भिजवायचे. सातव्या दिवसासमोर तिने लिहिलं होतं, "आज हिरवट केळी आणा, पिवळी पडू लागलेली बघून. नवव्या सकाळपर्यंत पिकतील. तेव्हा मी आहे."