तिनं स्वतः सांगितलेलं नाव

त्या मतदानाची आठवण मनातून कधी गेलीच नाही. महाराष्ट्र राज्य नवं होतं, चिखली तालुक्यात मीही नवाच फौजदार होतो. उंद्रीकडच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा बंदोबस्त माझ्याकडे होता.

तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मतदान अधिकाऱ्यानं विचारलं की पदर ओढून गप्प उभ्या राहत. मग मतदान जिथं चालू होतं त्या शाळेच्या दारात बसलेला गावचा पुढारी त्यांच्या नवऱ्याचं नाव सांगे आणि मतपत्रिका मिळे. त्याचा भाऊ उमेदवार होता, तरी मला वाटलं, केवढी सोय करतो हा माणूस! इतका मी कोरा होतो.

दुपारी एक शेतकरीण तणतणत आली. "साहेब, माह्यं मत कोनं टाकलं? थे आतले साहेब म्हनतात, झालं तुमचं. माह्या बोटाले त शाई बी नाही!"

"बाई, एका मतानं काय होतं?" मी म्हणालो. त्या वाक्याची आजही लाज वाटते.

"आमच्या आळीत विहीर नाही. विहीर देतो म्हनते त्याले मत द्याले आली मी. काऊन सोडू?"

तक्रार नोंदवून घेतली. गावात ज्याला विचारावं तो म्हणे, "मले काय मालूम?" शेवटी हवालदारानं खबर आणली, सकाळी परगावची झाकलेली बैलगाडी पुढाऱ्याच्या खळ्यात थांबली होती. तिथं चार बायका सापडल्या. चौघींच्या बोटांना शाई होती.

"आमी इथल्याच," त्या म्हणाल्या. मतदार यादीत फोटो नसत. पुढाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणी तयार नव्हतं.

तक्रारदार बाईला शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. पहिलीला नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं या बाईच्याच नवऱ्याचं नाव, वडिलांच्या नावासकट, धडाधड सांगून टाकलं.

शेतकरणीनं तोंडावर हात ठेवला. "अवं माय! आपल्या मालकाचं नाव असं घेते का कोनी?"

ती परगावची बाई पांढरीफटक पडली. "पुढाऱ्यानंच पाठ करून घेतलं, साहेब," म्हणत रडू लागली.

पुढाऱ्यावर तोतया मतदानाचा गुन्हा दाखल झाला, तहसीलदारांकडे अहवाल गेला आणि फेरमतदान ठरलं. फेरमतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात मी कोणाला बसू दिलं नाही. शेतकरणीची पाळी आली. अधिकाऱ्यानं विचारलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं. रांगेतल्या बायका खिदळल्या, तिनं पदरात तोंड लपवलं, पण मत टाकूनच गेली.

तरीही निवडून आला तो पुढाऱ्याचा भाऊच! मी पार हिरमुसलो. ती मात्र म्हणाली, "आता खरा निवडून आला न, साहेब? मंग त्याले विहीर मांगता येते."

दोन वर्षांनी त्या आळीत विहीर झाली. निकाल खरा असला की हरलेल्यालाही हक्कानं मागता येतं, हे मला कोणत्याच कायद्याच्या पुस्तकात सापडलं नव्हतं. आज मतदानाच्या रांगेत एखादी बाई आपलं नाव ठणकावून सांगते, तेव्हा मला ती आठवते आणि डोळे भरून येतात.